सहा ठिपक्यांचा भुंगेरा : हुमणी समजून मारू नका

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारावेत, ही शिफारस आपणांस माहीत आहेच. मात्र बॅटरीच्या उजेडात झाडाखालचे भुंगेरे गोळा करताना हाताला लागेल तो किडा डब्यात टाकला जातो. त्यात आपला एक मित्रही सापडतो.

हा मित्र म्हणजे जमिनीवर राहून शिकार करणारा काळा भुंगेरा. त्याचे शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. रंग काळाभोर, लांबी सुमारे ४ सें.मी. पाठीवर सहा ठळक पांढरे ठिपके असतात. दोन मानेमागच्या भागावर आणि चार पंखांच्या कवचावर. एवढी खूण पुरेशी आहे. हुमणीचा भुंगेरा तांबूस तपकिरी, आकाराने त्याच्या निम्माच असतो व त्यावर असे ठिपके नसतात.

ठिपके चिखलाने माखले असतील तर मिशा पाहाव्यात. हुमणीच्या मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पट्ट्या असतात, तर याच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ. चालही वेगळी. हुमणी अडखळत सरपटते. हा लांब पायांवर तुरुतुरु धावतो. त्याला उडता येत नाही, त्यामुळे फांदीवरून पडलेला भुंगेरा हा नव्हेच. पुढे आलेले धारदार जबडे पाहून भिऊ नये, ते इतर किडे फाडण्यासाठी आहेत. पीक तो खात नाही.

पण त्यास हातात मात्र धरू नये. डिवचल्यास तो मागच्या बाजूने आम्लाची पिचकारी मारतो. कातडीची आग होते, आणि डोळ्यांत गेल्यास फारच त्रास होतो. तसे झाल्यास डोळे लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत व डॉक्टरांना दाखवावे. मुलांना हे आवर्जून सांगावे. डब्यात आलाच तर काडीने बाहेर काढून बांधावर सोडावा.

मशागतीत सापडणाऱ्या अळ्यांबाबतही घाई नको. हुमणीची अळी पांढरी, जाड आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली असते. शिकारी भुंगेऱ्यांच्या अळ्या लांबट, चपळ असून मागे बहुधा दोन शेपट्या दिसतात. त्या मारू नयेत.

या एका भुंगेऱ्याच्या जिवावर हुमणी आटोक्यात येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. भुंगेरे गोळा करण्याची मोहीम सर्व गावाने मिळून, पहिल्या पावसापासूनच राबवावी लागते.