घरीं शिकलेल्यांचीं मुलें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. माझी नात आतां सहा वर्षांची होईल. तिला येत्या जूनमध्यें शाळेंत घालावें, कीं कांहीं वर्षें घरींच शिकवावें, असा प्रश्न माझ्या मुलापुढें व सुनेपुढें होता. दोघेंही सुशिक्षित; वर्गांतील गर्दी, गृहपाठाचें ओझें आणि परीक्षांचा धाक हीं दोघांनाही मनापासून नापसंत. बोलतां बोलतां सून मला म्हणाली, "मामंजी, तुम्ही तर अकराव्या वर्षापर्यंत घरींच शिकलांत, आणि त्या शिक्षणाचें नेहमीं कौतुक करतां. मग आपल्या मुलांना मात्र शाळेंत कां घातलेंत?"

या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां जे माझ्याप्रमाणें, किंबहुना माझ्यापेक्षां कितीतरी मोठ्या प्रमाणावर, घरींच शिकले त्यांनीं आपल्या मुलांचें काय केलें, हें मीं जरा धुंडाळून पाहिलें. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. घरचें शिक्षण म्हणजे शाळा सुटल्यावरची शिकवणी नव्हे. आईबापांनीं किंवा त्यांनीं नेमलेल्या शिक्षकानें घरांतच मुलाचें सारें शिक्षण करावयाचें, आणि शाळेची पायरी चढावयाची नाहीं, किंवा फार उशीरा चढावयाची, असा येथें अर्थ आहे. अशा मुलाला पुढें स्वतःचीं मुलें झालीं म्हणजे त्याच्यापुढें दोन मार्ग असतात, आणि त्यांपैकीं एक त्यानें स्वतः चालून पाहिलेला असतो. म्हणूनच त्याच्या निवडीला कांहीं विशेष मोल आहे.

प्रथम आपल्याकडीलच उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि पुढें वडील थकल्यामुळें रमाबाईंना आईनेंच शिकविलें. शाळेचें तोंड न पाहतां या मुलीनें भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत केले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविलें, तें याच घरगुती विद्येच्या बळावर. परंतु या चित्राची दुसरी बाजू रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. त्यापूर्वींच्या दुष्काळांत त्यांचे आईबाप गेले. तेव्हां धर्मग्रंथांवांचून आपण दुसरें कांहींच शिकलों नाहीं, पोटापुरतें मिळवून देईल असें एकही काम आपल्या हातांना येत नाहीं, ही जाणीव त्या भावंडांना फार कठोर रीतीनें झाली.

आतां त्यांनीं पुढें काय केलें पाहा. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. ज्या बालविधवा गोदूबाई पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, त्या या सदनाच्या अगदीं आरंभीच्या विद्यार्थिनी. अमेरिकेंत असतांना रमाबाईंनीं फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता. केडगांवच्या मुक्तिसदनांत तर पुस्तकी विद्येच्या जोडीला विणकाम, छापखाना आणि शेती यांना स्थान मिळालें. एकुलती एक मुलगी मनोरमा हिला त्यांनीं इंग्लंड-अमेरिकेंतील शाळांत शिकविलें, आणि पुढें ती शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली. आईनें जें दिलें त्याचा रमाबाईंना जन्मभर अभिमान होता. तथापि जें दिलें गेलें नव्हतें त्याची भरपाई त्यांनीं केवळ आपल्या मुलीपुरती नव्हे, तर शेंकडों मुलींसाठीं केली.

दुसरें उदाहरण बंगालचें. रवींद्रनाथ टागोरांनीं लहानपणीं तीनचार शाळा पाहिल्या, पण एकींतही त्यांचें मन रमलें नाहीं. त्यांचें खरें शिक्षण कलकत्त्यांतील जोडासांको येथील वाड्यांतच झालें. थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांच्या देखरेखीखालीं पहाटे कुस्ती, मग गणित, भूगोल, शरीरशास्त्र, चित्रकला आणि रात्रीं इंग्रजी, असा तो क्रम होता. पण या घराला दुसराही एक रंग होता. मुलें नोकरांच्या ताब्यांत असत. श्याम नांवाचा एक नोकर त्यांच्याभोंवतीं खडूनें वर्तुळ काढी, आणि त्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं असें बजावून निघून जाई. खिडकींतून दिसणारें तळें आणि वटवृक्ष हेंच त्या मुलाचें बाहेरचें जग.

स्वतःचीं मुलें शिकण्याच्या वयाचीं झालीं, तेव्हां रवींद्रनाथांनीं त्यांना शाळेंत न घालतां पद्मेच्या तीरीं शिलाईदह येथें आपल्याजवळ ठेवून घेतलें. बंगाली ते स्वतः शिकवीत. इंग्रजीसाठीं लॉरेन्स नांवाचा एक इंग्रज शिक्षक ठेविला होता. म्हणजे येथपर्यंत त्यांनीं आपल्या घराचाच कित्ता गिरविला, फक्त वाड्याच्या भिंती काढून टाकल्या. परंतु हा क्रम फार वर्षें टिकला नाहीं. डिसेंबर १९०१ मध्यें त्यांनीं शांतिनिकेतनांत ब्रह्मचर्याश्रम उघडला. पहिले विद्यार्थी अवघे पांच. त्यांत त्यांचा मुलगा रथींद्रनाथ होता. वर्ग झाडाखालीं भरूं लागले. खडूच्या वर्तुळांत बसलेल्या मुलानें पुढें भिंतीच नसलेली शाळा काढली, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. मात्र त्याच १९०१ सालीं त्यांच्या दोन मुलींचीं लग्नें झालीं. धाकटी रेणुका तर दहाअकरा वर्षांचीच होती. नवी शाळा त्या वेळीं मुलग्यांसाठींच होती. आपल्या बालपणाची उणीव माणूस ज्या मुलांत स्वतःला पाहतो त्यांच्यापुरतीच आधीं भरून काढतो, असा याचा अर्थ मी लावतों.

तिसरें उदाहरण इंग्लंडांतील तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचें. त्यांचा जन्म १८७२ चा. चौथें वर्ष पुरें होण्यापूर्वींच आईबाप वारले, आणि आजीनें त्यांना रिचमंड येथील आपल्या घरीं वाढविलें. थोरल्या भावाला शाळेंत धाडलें. यांना मात्र घरींच शिक्षक ठेवून शिकविलें. बुद्धीला खाद्य भरपूर मिळालें. भावानें युक्लिडची भूमिति शिकविली, तेव्हां त्यांना जणुं नवें जग सांपडलें. पण बरोबरीच्या मुलांची सोबत जवळजवळ नव्हतीच, आणि त्या एकाकीपणाविषयीं त्यांनीं आत्मचरित्रांत सविस्तर लिहिलें आहे. १९२७ सालीं जॉन व केट या आपल्या मुलांसाठीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी डोरा यांनीं बीकन हिल नांवाची शाळा स्वतःच काढली. चालू शाळा पसंत नव्हत्या हें एक कारण, आणि मुलांना सवंगडी हवेत हें दुसरें.

परंतु पुढें काय झालें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. शाळेंतील इतर मुलांना पक्षपात वाटूं नये म्हणून आईबापांनीं आपल्या मुलांशीं इतरांप्रमाणेंच वागावयाचें ठरविलें. त्यायोगें सवंगडी मिळाले, पण मुलांना आईबाप दुरावल्यासारखे झाले. रसेल यांनीं ही चूक पुढें मान्य केली, आणि कन्या कॅथरिन हिनेंही १९७५ सालीं पित्याविषयीं लिहिलेल्या पुस्तकांत हें दुःख बोलून दाखविलें. जें आपल्याला मिळालें नाहीं तें मुलांना देण्याच्या भरांत दुसरेंच कांहीं त्यांच्या हातून निसटतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

हीं तिन्ही माणसें घरीं शिकलीं आणि त्यांनीं शाळा काढल्या. आतां एक उलट उदाहरण. महात्मा गांधी स्वतः राजकोटच्या शाळेंत शिकले. पण दक्षिण आफ्रिकेंत आपल्या मुलग्यांना त्यांनीं घरींच शिकविलें. गोऱ्यांच्या शाळेंत केवळ मेहरबानी म्हणून प्रवेश घेणें त्यांना मान्य नव्हतें. जोहान्सबर्गला घरून कचेरीला पायीं जातांना ते मुलांना गुजराती शिकवीत. परंतु कामाच्या रगाड्यांत पुरेसा वेळ देतां आला नाहीं, आणि मुलांची त्याविषयीं तक्रार आहे, हें त्यांनीं आत्मकथेंत प्रांजळपणें सांगितलें आहे. थोरले हरिलाल तर १९११ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, घर सोडून अहमदाबादेस शाळेंत शिकावयास गेले. धाकट्या देवदासांचे मुलगे दिल्लींत महाविद्यालयांत शिकले. त्यांपैकीं रामचंद्र यांनीं ऑक्सफर्डची पदवी घेतली. आजोबांचा प्रयोग तिसऱ्या पिढींत चालविला गेला नाहीं.

हीं सारीं थोरामोठ्यांचीं उदाहरणें झालीं. सामान्य कुटुंबांचें काय, असें कोणी विचारील. अमेरिकेंत हा प्रश्न आज घराघरांतून विचारला जात आहे. तेथें १९७० नंतरच्या काळांत जॉन होल्ट यांच्यासारख्या शिक्षकांनीं घरीं शिकविण्याचा पुरस्कार केला. १९७७ सालीं त्यांनीं त्यासाठीं एक नियतकालिकही काढलें. दुसऱ्या बाजूनें अनेक धर्मनिष्ठ कुटुंबें याच मार्गाला लागलीं. १९९९ सालीं तेथें घरीं शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारें साडेआठ लाख होती. २०१६ सालीं ती सुमारें सतरा लाख झाली. त्यांतील पहिल्या पिढीचीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत. त्यांचें मत एक नाहीं. कोणी आपल्या मुलांना आनंदानें घरीं शिकवितात. कोणी ठामपणें शाळेंत धाडतात. घरीं शिकलेल्यांपैकींच कांहींजणांनीं २०१३ सालीं एक संस्था स्थापन केली. घरीं शिकविण्यास तिचा विरोध नाहीं. पण कोंडलेल्या मुलाकडे बाहेरच्या कोणाची तरी नजर असावी, असें ती मागते.

आपल्याकडे २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुलाला शाळेंत घालणें हें त्यांत पालकांचें कर्तव्य म्हटलें आहे, पण तें न केल्यास शिक्षा सांगितलेली नाहीं. घरीं शिकलेल्या मुलाला पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देतां येते. म्हणजे वाट अरुंद आहे, पण बंद नाहीं.

या सर्वांतून मला जें दिसतें तें असें. घरीं शिकलेला मनुष्य आपल्या मुलासाठीं घर कीं शाळा हा प्रश्न मुळीं विचारतच नाहीं. मला काय कमी पडलें, एवढेंच तो विचारतो. आणि तें कमी पडलेलें पुरविण्यास निघतो. रमाबाईंना हातांचें कौशल्य कमी पडलें, टागोरांना मोकळें आकाश, रसेल यांना सोबती. जें भरपूर मिळालें तें मात्र हवेसारखें गृहीत धरलें जातें, आणि तेंच पुढच्या पिढीला देण्याचें राहून जातें.

आतां माझ्या सुनेला द्यावयाचें उत्तर. मला लहानपणीं दम्याचा विकार होता, म्हणून माझें शिक्षण घरीं झालें. वडील एका लहान गांवीं पोस्टमास्तर होते. टपालाचें काम आटोपलें कीं ते कंदील लावून मला जवळ घेत. पत्रांवरील शिक्के दाखवून त्यांनीं मला भूगोल शिकविला, आणि मनिऑर्डरीच्या हिशेबावरून गणित. अकराव्या वर्षीं शाळेंत गेलों तेव्हां अभ्यासांत मी पुढें होतों. पण खेळांत मला कोणी गड्यांत घेईना, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावें कसें हेंही मला कळत नसे. तें एकटेपण माझ्या मनांतून कधींच गेलें नाहीं. म्हणून मुलें झालीं तेव्हां दुसरा विचार न करतां मीं त्यांना शाळेंत घातलें. त्यांना सोबती पुष्कळ मिळाले. मी मात्र कचेरींतून रात्रीं आठ वाजतां परतत असें.

हें सारें मीं सुनेला सांगितलें. माझा मुलगा तेथेंच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, त्या शिक्क्यांच्या गोष्टी तुम्ही नातीला सांगतां. आम्हांला कधीं सांगितल्या नाहींत."

त्याचें म्हणणें खरें होतें. सोबत हवी होती म्हणून मीं मुलांना शाळा दिली. कंदिलाजवळचा तास मला आयता मिळाला होता, म्हणून तो द्यावयाचा असतो हें मला सुचलेंच नाहीं.

नात येत्या जूनमध्यें शाळेंत जाईल, असें शेवटीं ठरलें. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरली. संध्याकाळीं सात ते आठ हा तास तिचा. त्या वेळांत घरांतील एका तरी माणसानें दुसरें कोणतेंही काम अंगावर घ्यावयाचें नाहीं. आम्हां तिघांत आठवडे वांटून घेतले आहेत. पहिला आठवडा माझ्या मुलानें मागून घेतला, आणि शिक्क्यांची पेटी मीं त्याच्या हवालीं केली आहे.