अंगावरचें दूध आणि डब्याचें दूध

तान्हें मूल असलेल्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतोच. डब्यावर सर्व घटकांचीं प्रमाणें छापलेलीं असतांना तें दूध आईच्या दुधाच्या तोडीचें कां मानूं नये? प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही आंकड्यांपासूनच आरंभ करतों.

मातेच्या १०० मिलिलिटर दुधांत प्रथिनें सुमारें १ ग्रॅम व दुग्धशर्करा सुमारें ७ ग्रॅम असते. गाईच्या तेवढ्याच दुधांत प्रथिनें ३ ग्रॅमांहून अधिक, तर साखर ५ ग्रॅमांहून कमी असते. तें वासरासाठीं निर्माण झालेलें आहे. त्यांतील प्रथिनांचा व क्षारांचा भार तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडांस झेपत नाहीं. सबब कारखान्यांत हे घटक कमी करून साखर, वनस्पतींचीं तेलें, लोह व जीवनसत्त्वें घालतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं १८६५ सालीं या दिशेनें प्रयत्न केला. तेव्हांपासून पुष्कळ सुधारणा होऊन केवळ पोषणाच्या मापानें डब्याचें दूध मातेच्या दुधाच्या बरेंच जवळ आलें आहे, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

परंतु मातेचें दूध ठराविक मिश्रण नव्हे. एकाच पाजण्यांत तें आरंभीं पातळ व शेवटीं अधिक स्निग्ध असतें. त्यांतील शंभरांहून अधिक प्रकारच्या विशिष्ट शर्करा मूल पचवीत नाहीं. त्या आंतड्यांतील हितकारक जंतूंचें खाद्य होत. त्यांत लोह थोडें असतें, पण तें मुलाच्या अंगीं चांगलें लागतें. 'ड' जीवनसत्त्व मात्र कमी असल्यानें डॉक्टर त्याचे थेंब देण्यास सांगतात.

पहिल्या दिवसांतील पिवळसर चीक रोगप्रतिकारक द्रव्यांनीं समृद्ध असतो. मातेचीं हीं द्रव्यें डब्यांत मिळत नाहींत. असें असून कांहीं घरांत चीक पिळून टाकतात व मुलास मध चाटवितात! पहिल्या वर्षांत मध मुळींच देऊं नये. त्यांतील जंतूंमुळें क्वचित् प्राणघातक विषबाधा होते.

मातेस दूध पुरेसें नसेल, किंवा आजारामुळें पाजणें शक्य नसेल, तर डब्याचें दूध मुलाचा आधारच होय; त्याबद्दल तिला कोणीं बोल लावूं नये. मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पाणी उकळलेलें व भांडीं निर्मळ असावींत, आणि माप डब्यावर सांगितलें तेंच घ्यावें. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून पाणी वाढविलें, तर मुलाचें पोट भरतें, पण शरीर उपाशी राहतें.

आपल्या देशांत १९९२ सालच्या कायद्यानें अशा प्रत्येक डब्यावर मातेचें दूधच मुलास सर्वोत्तम, असें छापणें बंधनकारक केलें आहे. विद्यार्थ्यांनो, वडील मंडळींस तें वाक्य अवश्य वाचून दाखवा; आणि घरीं बाळ जन्मास येईल, तेव्हां चीक वायां जाऊं देऊं नका.