फुलांची दिनदर्शिका

अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मार्चमध्ये पांगारा, मेमध्ये बहावा, जुलैच्या पावसात केवडा फुलतो. अशी बारा महिन्यांची फुले प्लायवुडवर लेसरने कोरून आम्ही घरच्या वाढदिवसांची दिनदर्शिका केली. फुलांखाली नाव-तारखेच्या चकत्या टांगल्या. वार लिहिले नाहीत. ३६५ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून वार दरवर्षी सरकतो. तारीख आणि ऋतू सरकत नाहीत.

लेसर लाकूड कापतो कसा? कार्बन डायऑक्साइड लेसरची अदृश्य, अवरक्त शलाका १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीची असते. लाकूड ती चांगली शोषते. भिंगाने ती एकवटली, की त्या बिंदूपाशी लाकडाचे वायू आणि कोळसा होतो. शलाका सावकाश फिरली तर आरपार काप, भरभर फिरली तर नुसती रेघ. पीव्हीसी मात्र असे कधीही कापू नये. विषारी हायड्रोजन क्लोराइड निघतो.

हा लेसर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत बनवणारे कुमार पटेल २ जुलै १९३८ रोजी बारामतीत जन्मले. केवड्याखाली एक चकती त्यांची!

आजीची जन्मतारीख कोठेच नोंदलेली नव्हती. ‘पांगारा फुलला होता’, एवढेच ती सांगे. फुले ऋतू पाळतात आणि ऋतू सूर्याप्रमाणे चालतात. म्हणून तिची चकती मार्चखाली टांगली. तारखेची जागा कोरी ठेवली. विद्यार्थ्यांनीही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे : तुमच्या जन्माच्या वेळी काय फुलले होते?