बोर्ड बदलला, आता लायसन्सचं काय?

वाशीच्या एपीएमसीतल्या गाळ्यावरचा कम्प्युटर बंद पडायला महिन्याच्या १० तारखेइतका वाईट मुहूर्त नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला ११ला जीएसटीआर-१ द्यायची असते, २०ला ३बी. कम्प्युटरवाला येतो, झाकण काढतो आणि सांगतो, ‘शेठ, बोर्ड गेलाय.’ खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, हे कुणाला नवं नाही. दुपारपर्यंत नवा बोर्ड बसतो, जुनी हार्ड डिस्क तशीच लागते, डेटा जागच्या जागी. मग टॅली उघडते ती ‘एज्युकेशनल मोड’मध्ये. या मोडमध्ये व्हाउचर टाकता येतं फक्त १, २ आणि ३१ तारखेचं. समोर १० तारखेच्या बिलांचा गठ्ठा, आणि टॅली तारीखच घेईना.

‘रोख मोजून घेतलंय, परत कसलं लायसन्स?’ हा शेठचा प्रश्न रास्त आहे. पण मोजलेले पैसे सॉफ्टवेअरचे नव्हते, ते वापरायच्या परवानगीचे होते. सॉफ्टवेअरवरच्या कराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी हा फरक स्पष्ट केला: अशा व्यवहारात ग्राहकाला वापरायची मुभा मिळते, कॉपीराइट मूळ मालकाकडेच राहतो. आता ही मुभा कुणाच्या नावावर आहे? बहुतेकांना वाटतं, आपल्या. बऱ्याचदा ती डब्यातल्या यंत्राच्या नावावर असते.

हे घराघरांत पोचवलं २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम अशा दहा गोष्टींवरून ती यंत्राची ओळख बनवायची. एखाददुसरी बदलली तर चालवून घ्यायची, फार बदलल्या की पुन्हा ॲक्टिव्हेशन मागायची. आजच्या विंडोजमध्ये सगळ्यांत मोठं वजन मदरबोर्डाला आहे. रॅम वाढवा, एसएसडी टाका, सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की तिच्या लेखी यंत्रच नवं.

तुमचं लायसन्स कोणत्या जातीचं, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एसएलएमजीआर ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलआय असं इंग्रजीत टाइप करा. एक छोटी खिडकी येईल, त्यात ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ वाचा. ‘रिटेल’ असेल तर लायसन्स दुसऱ्या यंत्रावर नेता येतं, मात्र जुन्यावरून काढून. ‘ओईएम’ असेल तर ते यंत्राबरोबर आलेलं. त्याची की बहुधा बोर्डावरच्या चिपमध्येच असते आणि बोर्ड गेला की तीही गेली. यातही एक सवलत आहे. बोर्ड बिघडला म्हणून कंपनीने तसाच किंवा त्याला समकक्ष बोर्ड बसवून दिला, तर नवं लायसन्स घ्यावं लागत नाही. हौसेने वरचा बोर्ड टाकला तर घ्यावं लागतं. आणि घरच्या किंवा दुकानच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम’ हा शब्द दिसला, तर ज्याने फॉरमॅट मारलं त्याला जरा बसवून विचारा. ही मोठ्या कंपन्यांना आणि संस्थांना एकगठ्ठा दिली जाणारी जात आहे.

विंडोज १० आणि ११मध्ये लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवता येतं. ते आधीच जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडून काम होतं. ही सोय २०१६पासून आहे.

टॅलीची रीत सरळ आहे: जुन्या यंत्रावरून लायसन्स ‘सरेंडर’ करा, नव्यावर ॲक्टिव्हेट करा. जुनं यंत्र सरेंडर न करताच गेलं, तरी खात्यातून मार्ग निघतो. खरी गाडी अडते ती ईमेलवर. लायसन्स घेताना ‘कोणता आयडी टाकू?’ असं विचारलं गेलं, तेव्हा कुणी अकाउंटंटचा दिला, कुणी विकणाऱ्याचा, कुणी त्याच दिवशी काढलेला, ज्याचा पासवर्ड आज कुणाला आठवत नाही. अकाउंटंट नोकरी सोडून गेला, नंबरही बदलला. सीरियल नंबर आपला, बिल आपलं, आणि ॲक्टिव्हेशनची की जाते त्याच्या मेलवर. माझ्या मते धंद्याच्या कागदपत्रांत गुमास्ता परवान्याच्या शेजारी या आयडीलाही जागा हवी. तो मालकाच्याच नावाचा असावा आणि त्याला जोडलेला मोबाइल मालकाच्याच खिशात असावा.

मराठी डीटीपीवाल्यांनी यातला वेगळाच प्रकार पाहिलाय. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम घेतलं की सोबत एक ‘लॉक’ यायचं, सुरुवातीला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं, नंतर यूएसबीचं. परवानगी त्या बोटभर तुकड्यात. यंत्र कितीही बदला, लॉक काढा, दुसरीकडे लावा, पेजमेकर उघडा. सीएकडे असलेला डिजिटल सिग्नेचरचा टोकनही असाच, यंत्राशी न बांधलेला. लॉकचं दुखणं निराळं: नव्या बोर्डांवर प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नसतं, आणि लॉक जळालं किंवा हरवलं तर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक उघडले तरी वाचता येत नाहीत.

एक धोका ग्राहकाच्या हातात मुळीच नाही. ॲक्टिव्हेशन करून देणारा सर्व्हरच कंपनीने बंद केला तर? २००५ सालच्या अडोबी सीएस२चं तेच झालं. अडोबीने तेव्हा ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती दिली, म्हणून जुन्या ग्राहकांचं निभावलं. प्रत्येक कंपनी तसं करेलच असं नाही, आणि तसं करायला ती बांधील असल्याचं ग्राहकाच्या करारात सहसा लिहिलेलं नसतं.

अशा वेळी कम्प्युटरवाला हळूच म्हणतो, ‘क्रॅक टाकून देऊ?’ कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमात, सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून कम्प्युटरवर वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. गाळ्यावरच्या कम्प्युटरला ही पळवाट नाही. त्याच कायद्याचं ५२वं कलम मात्र रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायला मोकळीक देतं.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागत असल्याने बरीच जुनी मशीन आता बदलली जातायत. जुनं कुणा भाच्याला जातं, कुणी एक्स्चेंजमध्ये देतं. देण्याआधी दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. टॅली सरेंडर करायची ती त्याच्याआधी, नेट चालू असताना.