देवाच्या घरचे वारस

वऱ्हाडातली ख्रिस्ती वस्ती मोजायला गेलं तर थोडकीच. तरी अकोल्याची ‘अलायन्स’ ही प्रोटेस्टंट मंडळी, 1955 साली स्थापन झालेला अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत, वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय ही नावं इथल्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाहीत. पंथ वेगवेगळे, पण शिकवण एक: देवाचं लेकरू व्हायला कूळ लागत नाही, विश्वास लागतो. ही शिकवण वऱ्हाडच्या मातीत कितपत रुजली, याचा हा धावता आढावा.

प्रेषित पौलाने देवाशी असलेलं हे नातं समजावताना दत्तकाचा आधार घेतला. दत्तक गेलेल्या पोराचं गोत्र बदलतं, वाटणीत तो सख्ख्याच्या बरोबरीने बसतो, हे आपल्याकडे कुणाला समजावायला नको.

1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 च्या दुष्काळाने तर ही दत्तकाची गोष्ट शब्दशः घडवली. अलायन्स मिशनने अनाथ झालेली मुलं सांभाळली.   भाकरीसाठी आलेल्या पोराचा विश्वास खरा किती, असा टोमणा तेव्हाही होता, आजही आहे. मला तो अपुरा वाटतो. भाकरीने पोट भरतं. पुढे तीन-चार पिढ्या उपासनेला का येत राहिल्या, त्याचं उत्तर त्यात नाही.

खरा पेच पुढच्या पिढ्यांचा. ख्रिस्ती घरात जन्मलेलं मूल आपोआप ख्रिस्ती का? कॅथलिक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. पुढे जाणत्या वयात दृढीकरण, म्हणजे तो विश्वास पक्का करण्याचा विधी होतो. अलायन्सवाले बाळाचं नुसतं अर्पण करतात. पाळक त्याला हातावर घेऊन प्रार्थना करतात, पाणी लावत नाहीत. पुढे कळतं झाल्यावर ते आपल्या तोंडाने विश्वास कबूल करतं, तेव्हाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. आईबाप कितीही भाविक असोत, त्यांचा विश्वास पोराच्या खात्यावर जमा होत नाही.

वऱ्हाडाबाहेर, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरातही हेच दिसलं. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. नवऱ्यामागोमाग त्या गेल्या नाहीत, स्वतःचं मन वळल्यावर गेल्या. 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभा केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. एवढी मोकळीक बहुतेक मंडळ्यांना आजही झेपणार नाही.

जात मात्र चिवट निघाली. प्रभुभोजनाला एका रांगेत बसणारे सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोणते?’ हळूच विचारतात. सरकारचा हिशेब आणखी निराळा. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे एकाच आजोबांची नातवंडं, एक घर बौद्ध झालेलं, दुसरं ख्रिस्ती, अमरावतीच्या एकाच कॉलेजात प्रवेशाचे अर्ज भरतात तेव्हा जातीच्या रकान्यात दोघांना वेगवेगळं लिहावं लागतं.