टोकदार कमान दिसली की गॉथिक?

नगर-पाथर्डी रस्त्याने जाताना डोंगरमाथ्यावर लांबूनच दिसणारी अष्टकोनी इमारत सगळा जिल्हा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखतो. ती ना चांदबिबीची, ना महाल. मुर्तजा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर. एवढी दुरुस्ती आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण तिच्या उंच, टोकदार कमानी पाहून ‘अगदी गॉथिक वाटतं’ म्हणणारे अजून भेटतात, आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टोकदार कमान ही युरोपातल्या ख्रिस्ती कारागिरांची मिरास नाही. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत अशा कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत आणि ती मशीद इ. स. 879 मध्ये पुरी झाली. गॉथिकचा आरंभ जिथे मानतात ते पॅरिसजवळचं सां-दनीचं मठमंदिर. मठाधिपती सुजेर याने त्याचा पूर्वेकडचा भाग 1140 ते 1144 या काळात नव्याने बांधून घेतला, म्हणजे कैरोनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. नगरच्या दमडी मशिदीतल्या किंवा फराह बागेतल्या कमानी या पूर्वेकडच्याच परंपरेतल्या. त्यांनी गॉथिककडून काही उसनं घेतलेलं नाही.

मग गॉथिक कशाला म्हणायचं? माझ्या मते, कमानीचा आकार बघण्याआधी छताचं ओझं कुठून कुठे जातं ते बघावं. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते. रुंदी ठरली की उंची ठरली. टोकदार कमानीला हे बंधन नाही. रुंदी तीच ठेवून टोक हवं तेवढं वर नेता येतं, आणि कमान जितकी उभट तितका तिचा बाहेरच्या बाजूचा रेटा कमी. तरी रेटा उरतोच. पत्त्याची दोन पानं एकमेकांना टेकवून उभी केली की खालची टोकं बाहेर सरकू पाहतात, तसंच दगडाचंही. निजामशाहीतल्या गवंड्यांनी हा रेटा जाड भिंतींवर घेतला. फ्रान्समधल्यांनी छताखाली दगडी फासळ्या टाकून सगळा भार मोजक्या खांबांवर उतरवला आणि बाहेरून मोकळ्या कमानींचे टेकू दिले. मधल्या भिंतीला कामच उरलं नाही, म्हणून तिथे काच बसली. नगरच्या एप्रिल-मे महिन्यात एवढी काच कुणाला हवी होती, हा प्रश्न वेगळा.

हे सगळं गणित मांडून झालं असंही कुणी समजू नये. ते अनुभवाने, अंदाजाने आणि कधी कधी पडझडीतून शिकत झालं. बोव्हे इथल्या कॅथेड्रलचं छत 48 मीटरवर नेलं आणि 1284 मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. पुढे 1573 मध्ये तिथलाच नवा मनोरा पडला.

आपल्याकडे त्याच शतकांत उंची गाठायची रीत निराळी होती. अकोले तालुक्यातल्या रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या आत उभं राहून वर पाहिलं तर दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकलेला दिसतो. इथे खरी कमान नाही, त्यामुळे बाहेर ढकलणारा रेटाही जवळपास नाही. मात्र अशा रीतीने फार मोठा मोकळा मंडप झाकता येत नाही.

‘ते मध्ययुग, म्हणजे अंधारयुग’ हाही एक घट्ट बसलेला समज. नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा जर्मनीत कोलोनचं कॅथेड्रल बांधायला घेऊन 42 वर्षं झाली होती. ते पुरं व्हायला मात्र 1880 साल उजाडलं. मधली काहीशे वर्षं काम बंदच होतं. त्या काळाला अंधारयुग म्हणायचं तर दोन्हीकडचं बरंच काही नजरेआड करावं लागेल.

आता कॅथेड्रल. मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल नव्हे. बिशपचं आसन जिथे असतं ते कॅथेड्रल, मग ते केवढंही असो. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला प्रचंड गर्दी होते, तरी ते कॅथेड्रल नाही. नगर जिल्ह्यातले कॅथलिक 1987 पासून नाशिक धर्मप्रांतात येतात आणि त्यांचं कॅथेड्रल नाशिकला आहे. नगरला 1831 मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत तर बिशपच नव्हता, मग कॅथेड्रल कुठून असणार? उलट बाजूने पाहा: उल्मचा 161 मीटरचा मनोरा शतकाहून अधिक काळ चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच गणला गेला, पण उल्म कॅथेड्रल नाही. सां-दनी स्वतः 1966 पर्यंत कॅथेड्रल नव्हतं.

गॉथिक म्हणजे चर्चच, असंही नाही. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ बाहेरून थेट इंग्लंडमधलं चर्च वाटतं. आहे मात्र ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ: ओहेल डेव्हिड सिनेगॉग. डेव्हिड ससून यांच्या पैशातून ते 1867 मध्ये पुरं झालं. मुंबईचं सीएसएमटी रेल्वे स्थानक आणि राजाबाई टॉवर सर्वांच्या माहितीचे आहेत. या साऱ्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाच्या. जुन्या गॉथिकचा पोशाख त्यांनी घेतला. सांगाडा प्रत्येक वेळी घेतलाच असं नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये कमानी आहेत, रंगीत काचा आहेत, उंच मनोरा आहे, पण छत लाकडी. दगडी छताचा रेटा नाही म्हटल्यावर बाहेरच्या त्या झेपावत्या टेकूंची गरजही नाही.

दगडी छताचा उपयोग पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलने 15 एप्रिल 2019 च्या आगीत दाखवला. वरचं ओकचं लाकूड जळून गेलं, मनोरा आत कोसळला. दगडी छताला भोकं पडली, पण बहुतेक छत टिकलं आणि खालचं बरंचसं वाचलं.

राहिली ती गॉथिक चर्चवरची भीतिदायक तोंडं. भिंतीबाहेर डोकावणारे ते प्राणी मुळात पन्हळी आहेत. आपल्या देवळाचं गोमुख जसं अभिषेकाचं पाणी बाहेर काढतं, तसं ते छतावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकतात. नोत्र दामच्या सज्जात हनुवटीला हात लावून बसलेला तो प्रसिद्ध राक्षस मात्र पाणीबिणी काही टाकत नाही. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने दुरुस्तीच्या वेळी, एकोणिसाव्या शतकात तिथे बसवलं. त्यामुळे पॅरिसला जाऊन ज्यांना मध्ययुगीन समजून लोक फोटो काढतात, ते वयाने साधारण पुण्याच्या लाल देवळाएवढेच आहेत.