पास्काचा पाव : कागदी साच्यात, घरच्या ओव्हनमध्ये

उपवासकाळ संपून पुनरुत्थानाची पहाट उगवते, तेव्हा युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक कुटुंबांच्या सणाच्या भोजनात एका उंच, गोडसर पावाला मानाचे स्थान असते. त्याचे नावच ‘पास्का’. ज्या मूळ हिब्रू शब्दावरून आपण ‘पास्काची मेणबत्ती’ म्हणतो, त्याच शब्दावरून हे नाव आले आहे. आता हा पाव कागदी साच्यातही भाजतात. त्याचा अर्थ व कृती आम्ही येथे देत आहोत.

उपवासाचे फळ

बायझंटाइन परंपरेच्या कडक उपवासात मांसाबरोबर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य असतात. जे इतके दिवस टाळले, तेच सणाच्या पिठात एकत्र येते. म्हणून उपवास न करणाऱ्यास हा पाव केवळ एक केक वाटेल. उपवास करणाऱ्यास मात्र त्यात आनंदाची चव लागते. हा पाव, रंगवलेली अंडी, लोणी, मीठ व मांस भरतकामाच्या वस्त्राने झाकलेल्या टोपलीत घालून भाविक आशीर्वादासाठी मंदिरात नेतात.

१९४६ साली सोव्हिएत राजवटीत ह्या ख्रिस्तसभेवर बंदी आली. तिचे प्रमुख योसिफ स्लिपी ह्यांना १९४५ मध्येच अटक झाली होती. त्यांची सुटका १९६३ साली झाली. १९८९ मध्ये ख्रिस्तसभेला पुन्हा कायदेशीर मान्यता मिळेपर्यंत अनेक भाविकांची उपासना घराघरांत गुप्तपणे चालू राहिली. मंदिराचे दार बंद झाले की श्रद्धेचा भार घरावर येतो, हे ह्या इतिहासातून आपण शिकावे. त्या काळी सोव्हिएत देशांतील घरांत रिकाम्या पत्र्याच्या डब्यांना आतून कागद लावून सणाचा पाव भाजत असत. आजचा कागदी साचा हे त्याचेच सोपे रूप होय.

साहित्य व कृती

अर्धा किलोच्या दोन साच्यांसाठी मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध १५० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट ८ ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, मऊ लोणी १२० ग्रॅम, एक अंडे व आणखी तीन अंड्यांचे बलक, अर्धा चमचा मीठ, लिंबाच्या सालीचा कीस आणि १०० ग्रॅम मनुका घ्याव्यात.

लोणी व मनुका वगळून बाकी सर्व एकत्र मळावे. पीठ लवचीक झाल्यावरच लोणी थोडे थोडे मिसळावे. आधी घातल्यास पिठाला ताण येत नाही. शेवटी मनुका घालून पीठ झाकून ठेवावे व दुप्पट फुगू द्यावे. आपल्याकडे एप्रिलच्या उष्म्यात ते लवकर फुगते. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष द्यावे.

साचा बेकिंगसाठी बनवलेल्या जाड कागदाचाच असावा. वर्तमानपत्र किंवा साधा कागद मुळीच वापरू नये. साच्याला तूप लावण्याची गरज नाही. तो ट्रेवर ठेवूनच पीठ घालावे, कारण भरलेला साचा हाताने उचलल्यास वाकतो. पीठ साच्याच्या निम्म्याहून कमी असावे. ते पाऊण उंचीपर्यंत चढले की ओव्हनच्या सर्वांत खालच्या कप्प्यात १७० अंश सेल्सिअसवर सुमारे ४० मिनिटे भाजावे. लहान ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असल्याने माथा लवकर करपतो. तो तांबूस होताच वर फॉइल ठेवावे. बारीक काडी खुपसून ती कोरडी निघाली की पाव झाला.

गरम पाव फार नाजूक असतो. तो साच्यासह मऊ टॉवेलवर आडवा ठेवून मधूनमधून फिरवावा, म्हणजे मध्ये बसत नाही. कागद कापतानाच काढावा. तोवर तो पावाचा ओलावा राखतो.

आशीर्वाद

आशीर्वादित पाव म्हणजे ख्रिस्तप्रसाद नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. तरीही त्याचा कण वाया जाऊ नये. आपल्या रोमन विधीतही पुनरुत्थान सणाच्या अन्नावर आशीर्वाद देण्याची प्रार्थना आहे. त्यासाठी आपल्या धर्मगुरूंना आधी विचारावे.

कृतीतून दोन पाव होतात. एक आपल्या घरी ठेवावा, दुसरा ज्या घरी ह्या वर्षी सण होणार नाही तेथे पोहोचवावा. उपवासकाळाचा शेवट ह्याहून चांगला कोणता?